विभवाची बाजू

धातूचे दोन पोकळ गोळे आहेत, एकाची त्रिज्या ४ सेंटिमीटर आणि दुसऱ्याची १२. दोन्ही काचेच्या दांड्यांवर, एकमेकांपासून चांगले लांब ठेवले आहेत. धाकट्याला विद्युतप्रभार दिला आणि मग लांब, बारीक तारेने दोघांना जोडलं, तर काही प्रभार धाकट्याकडून थोरल्याकडे जातो आणि जाता जाता थांबतो. तो का थांबला? दोघांत काहीतरी सारखं झालं म्हणून, हे उघड आहे. पण काय सारखं झालं? पटकन सुचतं ते उत्तर प्रभाराचं, आणि ते चूक आहे, कारण थोरल्यावर आता धाकट्याच्या तिप्पट प्रभार बसलेला असतो. विद्युत क्षेत्र म्हणावं तर तेही नाही, धाकट्याच्या पृष्ठभागालगतचं क्षेत्र थोरल्याच्या तिप्पट भरतं. सारखं झालेलं असतं ते विभव. हेन्री कॅव्हेंडिशला हा शब्द ठाऊक नव्हता, तरी १७७०च्या दशकात लंडनमधल्या आपल्या घरी तो नेमकं हेच ताडून पाहत होता. गोळे, चकत्या, तारा एकमेकांना जोडायच्या आणि कोणावर किती प्रभार बसतो ते बघायचं, कधी विजेचा झटका स्वतःच्या अंगावर घेऊन. सारख्याच व्यासाच्या गोळ्यावर चकतीपेक्षा १.५७ पट प्रभार मावतो, असं त्याला आढळलं. गणिताने येणारा आकडाही हाच, पायचा निम्मा. हा माणूस इतका अबोल की त्याचे हे कागद मॅक्सवेलने १८७९ साली छापले तेव्हा कुठे जगाला कळले.

हे सांगायचं कारण म्हणजे पाठ्यपुस्तकांत या तिघांचा क्रम ठरून गेलेला आहे. आधी प्रभार, मग दोन प्रभारांमधलं बल, मग बलावरून क्षेत्र, आणि सगळ्यात शेवटी, धडा संपत आला की, विभव. तेही कसं, तर एकक धन प्रभार अनंत अंतरावरून त्या बिंदूपाशी आणायला लागणारं कार्य. ही व्याख्या अचूक आहे आणि परीक्षेत तिचे दोन गुणही मिळतात, पण वाचणाऱ्याच्या मनावर एवढंच ठसतं की विभव म्हणजे हिशेबाच्या सोयीसाठी काढलेली एक बेरीज, खरा खेळ बलाचा आणि क्षेत्राचा. माझं म्हणणं उलट आहे. विजेशी आपला जो काही व्यवहार आहे, घरातला, कारखान्यातला, एवढंच काय शरीरातलाही, तो विभवाशी आहे. प्रभार आणि क्षेत्र ही दोन्ही विभवातून काढता येतात, आणि ती त्यातूनच काढली तर समजतातही जास्त चांगली. या म्हणण्यावर आक्षेप आहेत, त्यातले दोन-तीन भारी आहेत. पण आधी बाजू नीट मांडतो.

कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या मुलखाचा भूमापन नकाशा पाहिलेल्यांना समोच्च रेषा माहीत असतात. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या या रेषा सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर इतक्या दाटतात की शाईचा पट्टाच दिसावा, आणि पूर्वेला देशावर उतरल्या की ऐसपैस पसरतात. नकाशावर प्रत्येक जागेपाशी एकच आकडा असतो, उंचीचा. उतार किती आणि कोणत्या दिशेला हे वेगळं लिहावं लागत नाही, रेषांची दाटी पाहून ते कळतं. विभव हा असाच अवकाशातल्या दर बिंदूपाशी लिहिलेला एकेक आकडा, आणि विद्युत क्षेत्र म्हणजे त्याचा उतार. समविभव पृष्ठं जिथे दाटलेली तिथे क्षेत्र तीव्र, आणि दिशा नेहमी त्या पृष्ठांना काटकोनात, उताराकडे. उंची आणि उतार या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात हे आपल्याच पेशींत दिसतं. मज्जापेशीच्या आवरणाच्या आतबाहेर फरक असतो जेमतेम ७० मिलिव्होल्टचा, टॉर्चच्या सेलच्या विसाव्या हिश्शाइतका. पण आवरणाची जाडी सात-आठ नॅनोमीटर. भागाकार केला तर क्षेत्र येतं मीटरला सुमारे १ कोटी व्होल्ट, आणि कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला ३० लाख पुरतात. आपल्या मेंदूतली प्रत्येक पेशी हवेला न झेपणारं क्षेत्र बाळगून असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. क्षेत्र सांगायला दर बिंदूपाशी तीन आकडे लागतात, विभवाला एक, आणि त्या एकातून तिन्ही निघतात.

नकाशाची ही तुलना एका जागी तुटते, आणि जिथे तुटते तीच जागा मला सर्वांत मोलाची वाटते. डोंगराळ मुलखात शिखर कुठेही असू शकतं. विभवाच्या नकाशात तसं नसतं. प्रभार नसलेल्या जागेत कोणताही एक बिंदू घेतला आणि त्याभोवती काल्पनिक गोल काढला, तर त्या गोलावरच्या सगळ्या विभवांची सरासरी मधल्या बिंदूच्या विभवाएवढीच येते. मग तिथे शिखर कसं असेल? शिखर म्हणजे भोवतालच्या सगळ्यांपेक्षा उंच, आणि सरासरीएवढा असणारा सगळ्यांपेक्षा उंच असू शकत नाही. खळगाही त्याच कारणाने नाही. जिथे हा सरासरीचा हिशेब मोडतो तिथे प्रभार आहे असं समजावं. मधला बिंदू सरासरीपेक्षा वर असेल तर धन, खाली असेल तर ऋण, आणि किती वर-खाली यावरून किती प्रभार तेही ठरतं. प्वासाँने १८१३च्या सुमारास लिहिलेल्या समीकरणाचा मराठीत सांगण्याजोगा अर्थ एवढाच. म्हणजे विभवाचा नकाशा हाती असला तर प्रभार कुठे आहेत हे वेगळं विचारावं लागत नाही, नकाशाच ते सांगतो. यातून निघणारे निष्कर्ष साधे नाहीत. १८४२ साली अर्नशॉने दाखवलं की स्थिर प्रभारांच्या कितीही चतुर मांडणीने एखादा मोकळा प्रभार अधांतरी स्थिर धरून ठेवता येणार नाही. कारण हेच, त्याला बसायला खळगा मिळत नाही. वोल्फगांग पॉल यांनी आयन पकडून ठेवला तो क्षेत्र सतत उलटसुलट करून, आणि त्याबद्दल त्यांना १९८९चं नोबेल मिळालं. नुसत्या बलांच्या बेरजा करत बसलं तर हा निकाल कधी हाती लागला असता कोण जाणे.

विभवाला त्याचं स्थान देणारा माणूस गिरणीवाला होता. जॉर्ज ग्रीनचा जन्म १७९३चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. बापाची बेकरी आणि गावाबाहेर पवनचक्की. शाळा झाली ती लहानपणी वर्ष-सव्वा वर्ष, पुढे पिठाची गिरणीच. या माणसाने १८२८ साली वीज आणि चुंबकत्वावर गणित चालवणारा एक निबंध स्वखर्चाने, आगाऊ वर्गणीदार गाठून छापला. वर्गणीदार मिळाले ५१, किंमत साडेसात शिलिंग. त्या ५१ जणांतल्या कितींना त्यातलं पान तरी उमगलं असेल याची शंकाच आहे. लाग्रांज आणि लाप्लास यांनी गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात असं एक फलन वापरलं होतं, प्वासाँने ते विजेत आणलं होतं, पण त्याला आज चालणारं नाव देऊन विषयाच्या मध्यभागी बसवलं ते ग्रीनने. त्याचं मुख्य सूत्र असं की एखाद्या बंदिस्त जागेच्या सीमेवरचं विभव ठाऊक असेल आणि आत प्रभार नसेल, तर आतल्या प्रत्येक बिंदूचं विभव ठरूनच जातं. एका वर्गणीदार सरदाराच्या आग्रहाने वयाच्या चाळिशीत तो केंब्रिजला पदवीचा विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि १८४१ साली वारला. निबंध विसरला गेला होता. १८४५ साली पॅरिसला निघालेल्या तरुण विल्यम थॉमसनच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनच्या, हाती त्याच्या शिक्षकाने त्याच्या प्रती ठेवल्या, आणि मग जर्मनीतल्या क्रेलेच्या नियतकालिकात तो १८५० ते १८५४ या काळात पुन्हा छापून निघाला.

ग्रीनचं हे सूत्र गणितातली नजाकत म्हणून सोडून देता येत नाही, कारण विजेवर आपला ताबा चालतो तो याच वाटेने. प्रभार मोजून मोजून जागेवर मांडणं कोणाच्या हातात नसतं. क्षेत्राला तर हातच लावता येत नाही. आपल्याला जमतं ते एवढंच की हे टोक त्या टोकापेक्षा इतकं वर ठेवायचं. व्होल्टाने १८०० साली जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या खारट पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्यांसह रचल्या तेव्हा नवं काय घडलं? प्रभार तर घासून मिळवायच्या यंत्रांतून पूर्वीही भरपूर मिळत होता. नवं हे होतं की दोन टोकांतला फरक टिकून राहिला. कारखानदारीतलं उदाहरण हवं तर पावसाळ्यात ४०० किलोव्होल्टच्या लाइनखाली उभं राहिल्यावर ऐकू येणारी ती सुरसुर घ्यावी. तारेचं विभव ठरलेलं आहे, ते कमी करता येत नाही. मग तिच्याभोवतीची हवा फुटू नये म्हणून काय करायचं? गोळ्यांच्या प्रयोगातच उत्तर आहे. विभव तेच असेल तर त्रिज्या मोठी केली की क्षेत्र उतरतं. म्हणून एकेका फेजला एकाऐवजी दोन किंवा चार तारा थोड्या अंतराने जोडून नेतात आणि त्या मिळून एका जाड तारेचं काम करतात. त्यावर पावसाचे थेंब लोंबायला लागले की प्रत्येक थेंबाचं टोक म्हणजे इवलीशी त्रिज्या, तिथे क्षेत्र चढतं, आणि लाइन बोलायला लागते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांना सुचणारा हा की विभवाला स्वतःची किंमतच नाही. कोणत्याही बिंदूचं विभव किती हे विचारलं तर आधी विचारावं लागतं, कशाच्या मानाने? शून्य कुठे धरायचं हे आपल्या मर्जीवर. चंद्रपूरहून पडघ्याला येणारी ७५२ किलोमीटरची डीसी लाइन पाहा. तिच्या एका ध्रुवावर अधिक ५०० किलोव्होल्ट, दुसऱ्यावर उणे ५००, दोन्ही जमिनीच्या मानाने. उणे ध्रुवाला शून्य म्हटलं तर दुसरा १,००० किलोव्होल्टचा होतो, जमीन ५००ची होते, आणि मुंबईकडे येणाऱ्या विजेत तसूभर फरक पडत नाही. मर्जीनुसार बदलणाऱ्या आकड्याला खरं कसं म्हणायचं? आक्षेप बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. एकट्या बिंदूचं विभव ही गोष्ट नाही हे मी मान्यच करतो. दोन बिंदूंमधला फरक मात्र कोणाच्या मर्जीवर नसतो.

ज्याच्या खिशाला टेस्टर अडकवलेला असतो अशा कोणत्याही वायरमनला हे हाताने ठाऊक असतं. टेस्टर म्हणजे पारदर्शक मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. मुठीत निऑनचा बारीक बल्ब, त्याच्यामागे सुमारे १० लाख ओहमचा रोधक, मग एक स्प्रिंग आणि शेवटी धातूची टोपी. टोपीला बोट टेकवल्याशिवाय तो लागत नाही, कारण परिपथाचा पुढचा भाग म्हणजे आपण. मिलिअँपिअरचा लहानसा अंश शरीरातून जमिनीकडे वाहतो तेव्हा तो केशरी ठिपका पेटतो. म्हणजे टेस्टर तारेची वीज दाखवत नाही, तारेत आणि धरणाऱ्यात विभवाचा फरक आहे ते दाखवतो. सॉकेटच्या दोन भोकांपैकी फेजच्या भोकात तो लागतो, न्यूट्रलच्या भोकात लागत नाही. पण कधीकधी घरातले दिवे बंद आणि टेस्टर मात्र दोन्ही भोकांत लागतो. नवशिका गोंधळतो, जुना वायरमन बघताक्षणी सांगतो, न्यूट्रल तुटलाय. तुटलेल्या जागेच्या अलीकडची न्यूट्रल तार चालू ठेवलेल्या एखाद्या बल्बातून फेजलाच जोडली गेलेली असते आणि त्याच पातळीवर चढलेली असते. फेज हजर, विभव हजर, दोन भोकांत फरक मात्र नाही, म्हणून दिवा लागत नाही. हाच न्यूट्रल गल्लीतल्या तीन-फेजच्या खांबावर तुटला तर प्रकार उलटा आणि महागात पडणारा. वेगवेगळ्या फेजवरची घरं मग आपसात ४०० व्होल्ट वाटून घेतात. ज्याच्याकडे वापर जास्त त्याच्या वाट्याला कमी, ज्याच्याकडे एखादाच बल्ब जळतोय त्याच्याकडे ३००च्या वर. एका घरात ट्यूब मिणमिणते, शेजारच्या घरात टीव्ही जातो. शून्य ही नुसती कागदावरची सोय असती तर ते हलल्याने कोणाचा टीव्ही जळायचं कारण नव्हतं. कागदावरचं शून्य हलवणं वेगळं आणि शून्य धरलेल्या तारेचं बाकीच्यांशी असलेलं नातं हलणं वेगळं. हे दोन एक मानले की पहिला आक्षेप असतो त्यापेक्षा मोठा वाटतो.

जमीन म्हणजे शून्य ही समजूतही अशीच कामचलाऊ आहे. घराच्या मागे खड्डा खणून तांब्याची पट्टी किंवा पाइप पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला सांगतात. सगळी खटपट जमिनीशी असलेला फरक नगण्य राहावा म्हणून. तारेतून जमिनीत मोठी धारा उतरली की जमीनच पातळीवर राहत नाही. पावसात हाय टेन्शनची तार शेतात तुटून पडते तेव्हा तिच्या टोकापासून लांब जावं तसं जमिनीचं विभव उतरत जातं, आणि दोन पावलांत फरक पडतो. माणसाचं पाऊल दोन-अडीच फुटांचं. म्हशीचे पुढचे आणि मागचे पाय त्याच्या दुप्पट लांब, आणि मधल्या वाटेवर हृदय. झाडावर वीज पडल्यावर जवळपासची माणसं वाचतात आणि जनावरं दगावतात त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. मुंबईकरांना जमिनीच्या या चंचलपणाचा प्रत्यय फार पूर्वी आला होता. शहरात विजेच्या ट्राम येणार हे दिसू लागलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं धोक्यात आली, कारण ट्रामची परतीची धारा रुळांतून जमिनीत पाझरणार होती. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, दोन्हीकडची मोजमापं १९०६ पर्यंत बरोबरीने घेऊन जुळवली गेली, आणि १९०७च्या मे महिन्यात ट्राम धावू लागली. आजही अलिबागच्या नोंदी जगभर वापरल्या जातात. शून्य नीट मिळत नसेल तर ते घडवायचं असतं. फ्रँक विल्सन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाने १९३४ साली दोन हात आणि डावा पाय यांच्या विभवांची सरासरी काढून तिलाच शून्य ठरवलं, आणि छातीवर लावलेल्या सहा पट्ट्या आजही त्याच्याच मानाने मिलिव्होल्टच्या लाटा काढतात. हृदयात किती प्रभार कुठे सरकला हे डॉक्टर विचारत नाहीत. फरकाची रेघ वाचून झटका आलाय की नाही ते सांगतात.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो मायकेल फॅरडेच्या प्रयोगावर उभा आहे. जानेवारी १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने लाकडी सांगाड्यावर तारा आणि धातूचा पत्रा लावलेला बारा फुटी ठोकळा उभा केला, तो जमिनीपासून विलग केला, आणि यंत्राने त्याला इतका प्रभार दिला की बाहेरच्या बाजूने ठिणग्या उडू लागल्या. मग तो पेटती मेणबत्ती आणि इलेक्ट्रोमीटर घेऊन आत जाऊन बसला. आत काहीच नव्हतं. ज्योत हलली नाही, इलेक्ट्रोमीटरची पानं उघडली नाहीत. खोलीच्या मानाने फॅरडेचं विभव हजारो व्होल्टनी वर-खाली होत होतं आणि त्याला कळायला मार्ग नव्हता. यावरून असं म्हणता येतं की क्षेत्र असलं की काहीतरी घडतं, नुसतं विभव असलं तर काहीही घडत नाही, मग खरं कोण? मोकळ्या मैदानात उभ्या माणसालाही हा प्रश्न लागू पडतो. निरभ्र दिवशी जमिनीलगत हवेत मीटरला सुमारे १०० व्होल्टचा उतार असतो, म्हणजे पायापासून डोक्यापर्यंत दीडशेच्या वर. झटका बसत नाही, कारण शरीर वाहक आहे. समविभव पृष्ठं डोक्यावरून वळसा घेतात आणि आपण टाळूपासून टाचेपर्यंत जमिनीच्याच पातळीवर राहतो.

यावर माझं उत्तर असं की फॅरडे आत बसून विभव शोधत होता, आणि विभव आत असणारी गोष्टच नाही. तो ठोकळा आणि खोली यांच्यामधली आहे, आणि तिथे ती ठिणग्यांच्या रूपाने दिसतच होती. मुंबईच्या लोकलच्या वरच्या तारेत १९२५ पासून १,५०० व्होल्टची डीसी होती. टप्प्याटप्प्याने २०१६ पर्यंत ती सगळीकडे २५,००० व्होल्टची एसी झाली. त्या तारेवर कावळा बसतो तेव्हा तोही त्या विभवावर असतो, सुखाने पंख साफ करतो. गाडीच्या टपावर चढलेला माणूस मात्र चाकांमार्फत रुळांशी, म्हणजे जमिनीशी जोडलेला असतो. त्याचा हात तारेला लागायचीही गरज नसते. काही सेंटिमीटरची हवा त्या फरकाखाली फुटते आणि माणूस जळतो. कावळ्याला काही झालं नाही म्हणून तारेला विभव नव्हतं असं कोणी म्हणणार नाही. फॅरडेच्या ठोकळ्याबद्दल तसं म्हणणं हा तोच युक्तिवाद, फक्त जरा भारदस्त जागी केलेला.

तिसरा आक्षेप ऑलिव्हर हेविसाइडचा, आणि त्याच्यासमोर मला आपलं म्हणणं थोडं आवरतं घ्यावं लागतं. १८८०च्या दशकात मॅक्सवेलची पसरट समीकरणं चार ओळींत आणताना त्याने विभवांना हाकलून दिलं, आणि हेर्ट्झही त्याच मताचा होता. त्यांचं म्हणणं असं की ऊर्जा क्षेत्रात असते, प्रकाश म्हणजे प्रवास करणारं क्षेत्र, आणि विभव मात्र वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिता येतं. एका पद्धतीत तर ते सगळ्या विश्वात एकाच क्षणी बदलतं, जे कोणत्याही खऱ्या वस्तूला जमत नाही. शिवाय बदलत्या चुंबकत्वाशेजारी दोन बिंदूंमधला फरकसुद्धा डगमगतो. बदलती विद्युतधारा वाहणाऱ्या कॉइलभोवती तारेचं वेटोळं घालून त्याच्या त्याच दोन बिंदूंना दोन व्होल्टमीटर जोडले, आणि एकाच्या तारा कॉइलच्या डावीकडून, दुसऱ्याच्या उजवीकडून नेल्या, तर दोघे वेगळे आकडे दाखवतात. दोघेही बरोबर असतात. म्हणजे जिथे काळानुसार काही बदलत नाही किंवा सावकाश बदलतं तिथेच माझं म्हणणं जसंच्या तसं टिकतं. बाकी ठिकाणी विद्युत विभवाला चुंबकीय विभवाची जोड द्यावी लागते, आणि फरकाची जागा एका पूर्ण फेरीत जमा होणारी बेरीज घेते. पण हेविसाइडचा निकाल, की क्षेत्र खरं आणि विभव हे हिशेबातलं भूत, तो मात्र पुढे टिकला नाही.

१९२६ साली श्रोडिंगरने लिहिलेल्या समीकरणात क्षेत्र दिसत नाही, थेट विभव येतं. पुष्कळ जणांनी ती लिहिण्याची सोय मानली. १९५९ साली ब्रिस्टलमधून आहारोनॉव्ह आणि बोम यांनी विचारलं की इलेक्ट्रॉनच्या वाटेवर क्षेत्र कुठेही नसेल, विभव मात्र असेल, तर त्याच्या लाटेला काही कळेल का? अगदी अशीच गोष्ट एहरेनबर्ग आणि सायडे यांनी दहा वर्षं आधी लिहून ठेवली होती, पण तिकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. १९६० साली चेंबर्सने लोखंडाच्या केसासारख्या तंतूच्या दोन बाजूंनी इलेक्ट्रॉन सोडून व्यतिकरणाचे पट्टे सरकलेले दाखवले. तंतूतून थोडंसं क्षेत्र बाहेर गळत असेल, ही शंका उरली होती. १९८६ मध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा यांनी चुंबकाचं इवलंसं कडं अतिवाहक नायोबियममध्ये पूर्ण गुंडाळून तीही संपवली. क्षेत्र कड्यात कोंडलेलं, इलेक्ट्रॉन बाहेर, आणि पट्टे तरीही सरकलेले. हा प्रयोग चुंबकीय विभवाचा. विद्युत विभवाची जोडीदार कसोटी आहारोनॉव्ह आणि बोम यांच्या त्याच १९५९च्या लेखात सुचवलेली होती, पण ती इतक्या स्वच्छपणे करणं फार अवघड आहे.

विद्युत विभवाच्या बाजूचा पुरावा दुसरीकडून आला. १९६२ साली केंब्रिजमध्ये शिकत असलेल्या बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसनने भाकीत केलं की दोन अतिवाहकांमध्ये पातळ निरोधक थर ठेवून त्यांच्यात विभवांतर दिलं, तर जोडावर एक धारा आंदोलित होऊ लागेल, आणि तिची वारंवारता फक्त त्या विभवांतरावर ठरेल. धातू कोणता, आकार काय, तापमान किती, कशावरही नाही. एका मायक्रोव्होल्टला सेकंदाला सुमारे ४८ कोटी ३६ लाख आवर्तनं. विभव म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या लाटेच्या कलेचा पुढे जाण्याचा वेग, आणि दोन बाजूंचे वेग वेगळे असले की त्यांच्यातला फरक जोडावर ऐकू येतो. सगळ्यांचं विभव एकदम सारखंच वाढवलं तर सगळ्यांचे वेग सारखेच वाढतात आणि कोणालाच काही कळत नाही, म्हणून शून्य आपल्या मर्जीवर राहतं. भाकीत लवकरच खरं ठरलं आणि १९७३चं नोबेल घेऊन आलं. १९९० पासून जगभरच्या मापन प्रयोगशाळा, दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळाही, व्होल्ट अशाच रीतीने राखतात. तिथे प्रभार मोजावा लागत नाही आणि क्षेत्रही नाही. द्रव हेलियमने थंड केलेल्या जोडांच्या रांगेवर सूक्ष्मलहरी सोडायच्या, त्यांची वारंवारता आणवीय घड्याळाशी ताडायची, की दोन टोकांमधलं विभवांतर नवव्या-दहाव्या अंकापर्यंत हाती येतं.